डाळिंबाच्या सालीतली रोटी

मी, ओयदिन रुस्तमोवा, वय सेहेचाळीस, राहणार कुवा, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले असले तरी डोकं शाबूत असताना, कुणाच्या धाकाने नव्हे तर स्वखुशीने हे लिहिते.

१. अंगणासह घर सासूबाई साबोहत यांचं, त्या असेतोवर. पुढे नणंद निगोराचं.

२. शेडमधली कढई, चक्की आणि वाळवणाच्या काचा माझ्याबरोबर राबणाऱ्या दिल्दोराला. रसवाल्यांनी टाकलेल्या डाळिंबाच्या साली सावलीतच वाळवायच्या. त्यांच्या काढ्यात बटाट्याच्या सालींचं सत्त्व शिजवून काचेवर ओतलं की जो पातळ पापुद्रा सुटतो, त्यात गुंडाळलेल्या जिनसेला बुरशी धरत नाही. दीर शवकत याचा शेडवर हक्क नाही. "लोक रस विकतात, आमच्या वहिनी कचरा विकतात," असं तो भर लग्नात म्हणाला होता. त्याने आणून टाकलेलं प्लास्टिकच्या पिशव्यांचं गाठोडं तेवढं परत न्यावं.

३. दाराशेजारी खिळ्याला टांगलेली रोटी. माझे पती बाखोदिर रशियात बांधकामावर निघाले तेव्हा रिवाजाप्रमाणे तिचा एक घास खाऊन गेले. उरलेली त्यांनी परतल्यावर संपवायची. त्यांची बॅग परत आली, ते आले नाहीत. गेल्याचंही कुणी कळवलं नाही. रोटी टिकावी म्हणून मी तिला पापुद्रा लावत आले. सासूबाई म्हणत, "रोटी धड आहे, म्हणजे पोरगा धड आहे."

पापुद्रा बदलताना दर वेळी त्या घासाची खाच मला थोडी मोठी दिसे. उंदराचे दात नव्हते ते. घरात कुणीतरी, कदाचित तेच, जेवून जातं असं वाटून मी दाराला आतून कडी लावणं सोडलं.

डाळिंबांच्या गेल्या हंगामात शेडमधून पाणी प्यायला आत आले, तर सासूबाई खिळ्याखाली उभ्या, चहात बुडवलेला तुकडा चघळत.

"आई, ती त्यांची आहे."

"माहीत आहे मला. संपली की यावंच लागेल त्याला. तू बसलीस जपत."

"आणि नाही आले तर?"

"तर त्याच्या वाटची मी खाल्ली. उपाशी नाही ना राहिला."

म्हणून माझ्यामागे त्या रोटीला नवा पापुद्रा लावू नये, दिल्दोरानेही नाही. रोटी सासूबाईंची आहे. त्यांना दात नाहीत, चहा गरम द्यावा. शेवटचा तुकडा त्यांनी कुणासाठी ठेवला, तर काढू नये.

दाराला आतून कडी लावू नये.

सही: ओयदिन रुस्तमोवा

आमच्यासमोर सही केली:
तुर्सुनोय हकिमोवा, शेजारीण (ती रोटी हिच्याच तंदूरची)
एर्गाश कोसिमोव, शिक्षक

कुवा, ११ नोव्हेंबर २०१९