नऊ नंबरचं कलम

८ एप्रिल, मंगळवार
पुण्याच्या कंपनीचा करार आला. बावीस पानं, सगळी इंग्रजी. वर्षभराचं काम, घरी बसून. म्हणजे हिंगोली सोडायला नको, बाबांना एकटं टाकायला नको. कंपनीच्या मेघना मॅडम म्हणाल्या, "अगं, स्टँडर्ड आहे, सगळेच सही करतात." सगळे करतात ते मुकाट करण्याइतकी मी शहाणी असते तर कधीच पुण्यात असते.

१० एप्रिल
बाबांनी करार मागितला. तीस वर्षं रजिस्ट्री कचेरीसमोर बसून शेताची खरेदीखतं लिहिलेला माणूस, कागद दिसला की हात शिवशिवतात. इंग्रजी येत नाही म्हणून मी एकेक कलम मराठीत सांगत गेले. चौथ्या पानावर थांबवलं.
"याच्यात चतुःसीमा कुठं हाय?"
"बाबा, हे शेत नाही. सॉफ्टवेअर आहे."
"मंग तुझं काम कुठं संपून राहिलं? बांध न्हाई तिथं शेजारी नांगर घालणारच."
खूप हसले. मग कलम ९ वाचलं. कामात जे जे वापरलं ते कंपनीच्या मालकीचं. आधी स्वतःसाठी केलेलं असलं तरी.

११ एप्रिल
झोपेतून उठल्या उठल्या आठवलं. मार्चात कंपनीला नमुना दाखवायची घाई होती, त्यांच्या गोदामाच्या गेटवर ट्रकांची रांग लावायची होती. मी 'पाळी'तला रांगेचा कोड उचलला आणि तिकडे चिकटवला. 'पाळी' माझं ॲप. फुकट. मार्केटला हळद आणणाऱ्याला आपला नंबर कधी लागेल ते मोबाइलवर कळतं, दोन वर्षं झाली. आता सही केली की तो कोड त्यांचा. बंद करा म्हणाले तर बंद. माझ्याच पायावर मीच धोंडा पाडला, दुसऱ्या कुणाला शिव्या द्यायची सोय नाही.

१३ एप्रिल, रवि.
सेनगावहून मावशीचा फोन. 'पाळी' बघितल्याशिवाय ती हळदीची गाडी घरून हलू देत नाही.
"काहून गं, उद्याचं काहीच दाखवून न्हाई राहिलं?"
"उद्या जयंती, मार्केट बंद. परवाचं बघ."
"व्हय की! बरं झालं बाई तुझं हे हाय ते. उन्हात बसायची तकलीफ गेली."
क. ९ बद्दल तिला बोलले नाही. लाज वाटली.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत पाय दुखेपर्यंत नाचले. दोन तास काही आठवलं नाही.

१५ एप्रिल
क. ९ च्या जागी नवं कलम लिहिलं. 'पाळी'चा कोड माझा. कंपनीने वापरावा, मालकी नाही. बाबा म्हणाले, "बराबर. बटईनं दिलं म्हण, सातबारा तुझ्याच नावावर." नमुन्यात तो कोड आधीच घातलाय, हेही मॅडमना फोनवर खरं सांगून टाकलं. बाई वाईट नाही. म्हणाल्या, "लीगलवाले एक ओळ बदलत नाहीत गं. उद्या संध्याकाळपर्यंत सही दे, नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल. मला तूच हवी आहेस."

१६ एप्रिल, बुध.
सकाळपासून सहीचं पान उघडून बसले. दुपारी बाबांना म्हटलं, करून टाकते. असं काम पुन्हा कुठून येणार इथे? नाहीतर पुण्याला जाऊन खोली बघायची आणि तुम्ही इथे...
बाबांनी चष्मा काढून ठेवला.
"तीस वर्षं लोकायला दस्त वाचून दाखवला. कोणी कोणी रडत अंगठा द्यायचं. करू नको म्हणायचं काम माझं नव्हतं, एकदाबी म्हणलो न्हाई." मग माझ्याकडे बघितलं. "तुला म्हणून राहिलो. करू नको."
मला रडूच आलं. मी गेले तर घरात एकटं कोण राहणार हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.
चार वाजता मॅडमना लिहिलं: क. ९ बदला, बाकी एकवीस पानांवर आत्ता सही करते.
आता साडेसहा. मॅडम ऑनलाइन आहेत. टाइप करतायत. थांबल्या. परत टाइप करतायत.