डाव्या हाताचे सूर

३ फेब्रुवारी

चि. छबूस, अनेक आशीर्वाद.

अर्धांगाच्या झटक्यानंतर उजव्या हातात आता काही फरक पडणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्याचं कळलं. मन घट्ट कर. वार्षिक कार्यक्रमात माझ्या गाण्याला दुसरा वादक ठरवलाय. तुझा मात्र सत्कार करू. मी दोन शब्द बोलेन. कीबोर्ड झाकून ठेव, धूळ बसते. औषधं चुकवू नकोस.

तुझ्या काळजीत असलेला,
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. विनंती काही नाही, तक्रार आहे.

सत्कार मेल्यावर कर! कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम शिकतेय. डाव्या हातानं छोटा तुकडा वाजवायचा, तो गोल गोल फिरत राहतो. त्यावर दुसरा चढवायचा, मग तिसरा. परवा माझी शिंकही फिरत राहिली. जेवणाचं टेबल मी बळकावलंय, हे बिचारे ओट्यापाशी उभ्यानं जेवतात. कार्यक्रमात मी वाजवणार. सरावाला ये.

लोभ असू दे, कीव नको.
छबू

१४ फेब्रुवारी

चि. छबूस, आशीर्वाद.

हट्ट सोड. तू माझ्या श्वासावर वाजवायचीस. मी तान लांबवली तर यंत्र थांबणार आहे का? लोक हसतील, आणि ते मला बघवणार नाही. मी येत नाही.

तुझ्या भल्याचंच सांगणारा,
दादा

१८ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

यंत्र थांबत नाही, खरंय. मी थांबायचे, जन्मभर. तू घसरलास की सावरून घ्यायचे आणि टाळ्या तू घ्यायचास. हसू देत लोकांना. एकटी वाजवेन.

रागावलेली, तरी तुझीच,
छबू

२ मार्च

चि. छबूस, आशीर्वाद.

काल कार्यक्रमात तू वाजवत होतीस तेव्हा मी पडद्याआड उभा होतो. तुझा एक सूर चुकीचा पडला आणि तोच फिरत राहिला. पुढच्या रांगेत खसखस पिकली. मला वाटलं, आता उठून जाशील. तू त्या चुकीवरच दुसरा तुकडा बसवलास, त्यावर तिसरा. आणि चुकलं कुठे होतं, तेच कळेना. हसणारेच मांडीवर ताल धरू लागले. मला तिथे उभं राहवेना, बाहेर जाऊन तोंड धुतलं. सरावाला कधी येऊ?

तुझा,
दादा

५ मार्च

ती. दादास, सा. न.

रविवारी ये. मात्र यापुढे कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव खाली बारीक अक्षरात, ‘साथ’ म्हणून छापायचं नाही. तुझ्या शेजारी, तुझ्याएवढंच. कबूल नसेल तर येऊ नकोस.

वहिनीला नमस्कार.
छबू