दोन हजारांश

सोमवार, ६ जानेवारी

डेटनच्या गिऱ्हाइकाकडून अकरा कड्या परत आल्या! अकराही व्यासाला एक हजारांश इंचाने कमी. मी नेहमीसारखंच केलं होतं — कापल्यावर गरम कडी मोजायची, निवल्यावर आकसेल म्हणून एक हजारांश जास्त ठेवायचा. नियम मर्लचाच. मर्ल आमचा फोरमन, तीस वर्षं लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर.

"आणखी एक पेटी परत आली तर तू पॅकिंगला," तो म्हणाला.

पॅकिंगला जाणार नाही.

मंगळवार, ७

नदीपलीकडच्या कम्युनिटी कॉलेजात लेथकामाचा संध्याकाळचा वर्ग आहे. दोन वर्षं. नावनोंदणी शुक्रवारपर्यंत. त्याआधी एक तास फुकट बसून बघता येतं. हे मर्लला कळल्यापासून मी "प्रोफेसरीणबाई".

"फळ्यावर लेथ फिरतो का गं?"

मुद्दा चुकीचा नाही. मीही चार वर्षं लेथवरच शिकले. तिथे नवीन काय सांगणार?

आई म्हणाली, "जा, नाहीतर जाऊ नकोस. सूप निवतंय."

बुधवार, ८

गेले. दाराजवळ बसले, म्हणजे उठता येईल.

ओडम बाई शिकवतात. फारसं बोलत नाहीत, ते बरं वाटलं. सारख्या मापाचे दोन तुकडे — एक पोलादाचा, एक ॲल्युमिनियमचा — सारखेच तापवले आणि मोजायला मला दिले. पोलाद वाढलं होतं एक हजारांश. ॲल्युमिनियम — दोन!

पुन्हा मोजलं. दोनच.

मर्लचा नियम पोलादाचा आहे. आमच्याकडे तीस वर्षं पोलादच येत होतं. डेटनच्या कड्या ही ॲल्युमिनियमची पहिलीच ऑर्डर.

घरी येताना गाडीत एकटीच हसले. मोठ्याने.

गुरुवार, ९

मर्लला सांगितलं. "एका तासात शहाणी झालीस?" वाद घातला नाही. दोन हजारांश जास्त ठेवून अठ्ठेचाळीस कड्या केल्या, जेवणाच्या सुट्टीत निवू दिल्या. मर्ल स्वतः मोजायला बसला. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही, मायक्रोमीटरकडे पाहिलं.

अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस!

शेवटची कडी त्याने पुन्हा मोजली. मग — "हे मला कधी कुणी सांगितलं नाही." आणि लगेच, "चला, झालं तुझं कॉलेज! हवं ते मिळालं. लेथ तुझाच."

शुक्रवार, १०

म्हणे, हवं ते मिळालं! एका तासात एक चूक सापडली. दोन वर्षांत तास किती?

चारला पाळी सुटली, चार वाजून दहा मिनिटांनी नाव नोंदवलं.

सोमवार, १३

नाव नोंदवल्यानंतरचा पहिला तास. आज पुढे बसले. मागून ओळखीचा खोकला ऐकू आला. मर्ल! इस्त्रीचा शर्ट, कोरी वही.

"बघतेस काय, प्रोफेसरीणबाई? पेन्सिल दे."

दिली. टोक केलेली.