कॅपिटल नावं

प्रिय टिकेश,

दोन वर्षांनी मेसेज करून 'कशी आहेस' विचारलंस, तर ऐक. बरी आहे. बाबूजींच्या किराणा दुकानात बसते, साखर तोलते. लॅपटॉप आलमारीत पडून आहे. इकडे तिरोड्याला धानाची रोवणी सुरू आहे, तुझे भैय्यालालकाका सकाळपासून शेतात, बांधीच्या चिखलात असतात. शेतकरी गटाचे अध्यक्ष अजून तेच.

गटाच्या सुवासिक तांदळाची वेबसाईट आपण दोघांनी केली होती. चाळीस शेतकरी, प्रत्येकाच्या तांदळाशेजारी त्याचा फोटो. फोटोंच्या फाईलींना मी इंग्रजी स्मॉल अक्षरांत शेतकऱ्यांची नावं दिली होती आणि तुला बजावलं होतं, यांना हात लावू नको. पण तू पडलास मोठ्यांच्या पाया पडल्याशिवाय घराबाहेर न निघणारा. बिसरामजींसारख्या ऐंशी वर्षांच्या माणसाचं नाव स्मॉलनं कसं लिहायचं, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी तू सगळी नावं कॅपिटल केलीस. वेबसाईटच्या पानातही तशीच लिहिलीस. तुझ्या लॅपटॉपला कॅपिटल काय नि स्मॉल काय, सारखंच. तिथं सगळे फोटो दिसले. पण आपल्या कामाची नोंद ठेवणाऱ्या गिटनं फाईलींचा बदल धरलाच नाही, पान तेवढं बदलून पुढे गेलं. वेबसाईट जिथून चालते त्या सर्व्हरला ही दोन नावं वेगळी; पान कॅपिटल नाव मागे, फाईल स्मॉलच राहिलेली. मी तुझ्यावर भरवसा ठेवून न बघता चढवलं, एवढी माझी चूक.

गावासमोर पडदा लावला आणि एकही चेहरा दिसेना. बिसरामजी नवं धोतर नेसून, नातवंडं घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. काका माईकवरच बोलले, "पोरीले काम देलं तं असंच होते." मी तुझ्याकडे पाहिलं. तू स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिलास.

माझं काम गेलं. बाबूजी म्हणाले, बस झालं आता कॉम्प्युटर. त्याच संध्याकाळी मी नोंदी उघडल्या होत्या. तुझं नाव, वेळ, सगळं तिथं होतं. तरी गप्प राहिले. वाटलं, आपल्या हातून झालं हे तुला कळलंच नसेल. कळेल तेव्हा आपणहून बोलशील. दोन वर्षं हेच धरून बसले, येडी कुठली.

आणि आता त्याच मेसेजात तू लिहितोस, 'नागपूरच्या ऑफिसातही मी फाईलींची नावं कॅपिटल केली आणि आपल्या उद्घाटनासारखंच झालं, कसं निस्तरू?' म्हणजे तुला माहीत होतं. केसानं गळा कापलास रे.

उपाय घे. फाईलला आधी भलतंच नाव दे आणि गिटमध्ये नोंदव. मग हवं ते नाव दे, परत नोंदव. मधली पायरी गाळून होत नाही. एवढं मेसेजवरही सांगता आलं असतं. पण काका मोबाईलवर काही वाचत नाहीत, कागद मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. तुझा नागपूरचा पत्ताही त्यांच्याचकडे आहे. म्हणून हे पाकीट न चिकटवता त्यांच्या हाती देते आहे.

तुझीच होता होता राहिलेली,
नीतू