सवतीच्या जागी बो-शान

तीर्थस्वरूप सिंधूमावशीस,

श्रीरंगचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा मोतीबिंदू निघाला, की अजून "दिवाळी होऊ दे"च चाललंय? (फराळ नीट दिसावा म्हणून तरी दिवाळीआधी काढा म्हणावं.) इकडे साता समुद्रापार आम्ही खुशाल. म्हणजे तुझी सून कादंबरी खुशाल आहे, आणि मी आहे. फोन सोडून हाताने का लिहितोय, तर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीही आहे आणि हा सगळा मजकूर तिच्याविरुद्ध आहे.

मावशी, हे स्थळ तू आणलंस. "मुलगी जनावरांची डॉक्टर आहे, तुला सहज सांभाळेल," हे तुझेच शब्द. सांभाळलंही तिने. पण इथल्या प्राणीसंग्रहालयात चीनहून पांडांची जोडी आली, कादंबरीला त्या विभागात घेतलं, आणि आमच्या संसारात बो-शान शिरला. बो-शान म्हणजे नर. मादी लिन-यू. दोघांना पिल्लू व्हावं यासाठी एक अख्खी टीम पगारावर आहे, कारण पांडाच्या मादीचे दिवस वर्षातून एकदाच येतात, वसंतात, दोनेक दिवस. ते हुकले की बसा पुढच्या वर्षापर्यंत. म्हणजे बो-शानला वर्षाकाठी काम एवढंच, आणि तेही त्याने गेल्या वर्षी केलं नाही. ऐन वेळी तो लिन-यूकडे पाठ करून बांबू खात बसला. आमच्या ऑफिसात असं कुणी केलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्याचा लॅपटॉप काढून घेतला असता. याला मात्र सगळ्यांनी समजून घेतलं. "त्याच्यावर प्रेशर नको यायला," ही म्हणाली.

त्याचे लाड काय सांगू! समोर आलेला बांबू तो हुंगतो आणि आवडला नाही तर बाजूला टाकतो. की लगेच दुसऱ्या जातीचा हजर. मी एकदा शेपूची भाजी बाजूला सारली तर तीच सकाळी पराठ्यात आली. त्याचं वजन हिला तोंडपाठ. माझी दाढ काढली ते हिला आठवड्याने कळलं, आणि तेव्हाही प्रश्न काय, तर "डावीकडची का रे?" हिच्या फोनवर पूर्वी आमचा महाबळेश्वरचा फोटो होता. आता तिथे बो-शान उताणा पडलेला आहे. (पोट माझ्यापेक्षा मोठं आहे. त्याचं कौतुक होतं, माझं कोलेस्टेरॉल तपासतात.)

आता गुढीपाडव्याचं ऐक. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी ऐतिहासिक नाटुकल्यात सेनापती होतो. अंगरखा, फेटा, गोंदाने चिकटवलेल्या मिशा. कादंबरीने पहिल्या रांगेत बसायचं कबूल केलं होतं आणि ती बसलीही. मी तलवार उपसली, शत्रूला ललकारलं, आणि नेमका तेव्हा हिचा फोन थरथरला. लिन-यूच्या लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आला होता, तिचे ते दोन दिवस सुरू झाले होते. मावशी, माझी बायको माझ्या मुख्य संवादाच्या मधोमध एका अस्वलिणीच्या लघवीसाठी उठून गेली.

पडदा पडल्यावर मी कपडेही बदलले नाहीत. पुरणपोळ्यांचा डबा घेतला (निमित्त हवं ना) आणि तसाच गाडीत बसलो. गेटवरचा माणूस मला ओळखतो. डबा पोचवायची माझी सवय त्याला माहीत आहे. त्याने फेट्याकडे पाहिलं, म्हणाला, "बिग डे, हं?" आणि आत सोडलं.

आत सगळे श्वास रोखून उभे. जाळीपलीकडे लिन-यू शेळीसारखी बें बें करत फेऱ्या घालतेय आणि बो-शान पाठ करून बांबू सोलतोय. कादंबरीने मला पाहिलं, माझ्या मिशा पाहिल्या आणि दात आवळून पुटपुटली, "श्री, प्लीज, आवाज करू नकोस."

"मी बोललोय का काही?"

"चेहरा बोलतोय तुझा."

एवढ्यात मिशीचा गोंद नाकात हुळहुळला आणि मला शिंक आली. आपल्या घराण्याची शिंक तुला ठाऊक आहे. नानांच्या शिंकेने शेजारच्यांची म्हैस दावं तोडायची. तशी. कादंबरीने डोळे मिटून घेतले. पण लिन-यू थबकली, वळली, थेट माझ्या समोर जाळीला येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघून इतक्या लाडाने ओरडली की मी फेटा सावरला. ते बो-शानने पाहिलं. मावशी, ती नजर मी ओळखतो. माझ्या आरशात रोज दिसते. त्याने बांबू टाकला.

टीमची प्रमुख मार्था माझ्या दंडाला धरून कुजबुजली, "हलू नका. अजिबात हलू नका." पुढचं लिहीत नाही, तू वडीलधारी आहेस. एवढंच सांगतो की मी मिशा लावून तिथे उभा राहिलो आणि काम फत्ते झालं. तरी वर खात्री म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोठवलेल्या वीर्याची नळी वापरून कृत्रिम रेतनही केलं.

मग महिनोन्‌महिने कुणालाच काही कळेना, कारण पांडाची मादी पोटात काही नसतानाही डोहाळे दाखवते. अखेर ऑगस्टमध्ये पिल्लू झालं, छोट्या वांग्याएवढं, गुलाबी, बिनकेसांचं. कादंबरीचा फोन आला, "श्री, झालं रे!" आणि ती हमसून रडायला लागली. आमच्या लग्नात पाठवणीला ती रडली नव्हती. मांडववाल्याला सूचना देत होती. बो-शानला बर्फाचा केक मिळाला, त्याचा फोटो पेपरात आला. मी घरी एवढंच म्हणालो, "माझ्या शिंकेचा कुठे उल्लेख?" तर म्हणे, "रिपोर्टमध्ये काय लिहू, नवऱ्याला सर्दी होती?"

असं आहे. काकांना नमस्कार.

तुझा,
श्रीरंग

ता. क. पिल्लाच्या डीएनएचा निकाल आला. बाप बो-शान नाही. दुसऱ्या दिवशीची ती गोठवलेली नळी दुसऱ्याच कुठल्या नराची होती, ज्याने लिन-यूचं तोंडही पाहिलेलं नाही. बो-शानला कुणी काही सांगितलेलं नाही. मी काल मुद्दाम त्याच्या काचेपाशी जाऊन बसलो. एकटाच बांबू सोलत होता बिचारा. प्रथमच त्याचा राग आला नाही. मग कादंबरीने येऊन त्याला स्वतःच्या हाताने सफरचंदाची फोड भरवली, तेव्हा पुन्हा आला.

ता. क. २. आता खरं काम. चीनमधल्या पांडा केंद्राने कादंबरीला वर्षभरासाठी बोलावलं आहे. तिने मला न सांगता नकार कळवायचं ठरवलंय. मार्थाकडून कळलं. "श्रीचं माझ्यावाचून चालत नाही," असं म्हणाली म्हणे. मावशी, ती तुझं ऐकते. तिला सांग, जा. सांग की श्रीरंगला वरणभात येतो, कुकर लावता येतो, तो मजेत राहील. थोडं खोटं बोलावं लागेल, पण भाच्यासाठी एवढं कर. हे मी लिहिलंय हे मात्र तिला कळू देऊ नकोस.

ता. क. ३. त्या केंद्रात नर किती आहेत हे तिला विचारू नकोस. मी शोधलं. फार आहेत.