सहावं बटण

२ मार्च, सकाळी ९.४०
पुढच्या रविवारी, १० तारखेला, फिल्म क्लबात माझं भाषण. विषय: जुन्या काळातल्या प्रेमकथांचे सिनेमे आणि त्यांत लपलेल्या खुणा. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

३ मार्च, सकाळी १०.१५
शोध लागला! भाषणासाठी निवडलेल्या सिनेमात, निरोपाच्या सीनमध्ये नायकाच्या कोटाला सहावं बटण नाही. बाकी सिनेमाभर आहे. मूळ कादंबरीत नायिका त्याचं एक बटण जपून ठेवते. सिनेमात तो प्रसंग गाळलाय. म्हणजे दिग्दर्शकाने लेखकाला गुपचूप केलेला नमस्कार. सिनेमा येऊन आठ वर्षं झाली, कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी सोडून.

५ मार्च
हिला दाखवलं. त्या सिनेमाचे कपडे शिवायला हीच होती. म्हणाली, बटण तुटलं होतं, लावायचं राहिलं. म्हटलं, कलाकृतीत काही 'राहत' नसतं. राहतं, म्हणाली आणि भांडी घासायला गेली. कोट हिच्या हातात होता, पण अर्थ दिसला नाही. काखेत कळसा न् गावाला वळसा.

८ मार्च
ही तीन दिवस बोलत नाही. तयारीला उत्तम. आज मात्र हात जोडून म्हणाली, भाषणात बाकी काहीही सांग, ते बटण तेवढं सोड. माझ्या शोधाचा मत्सर, दुसरं काय! घरकी मुर्गी दाल बराबर.

१० मार्च, रविवार
श्रोते बावीस. खुर्च्या साठ. बटणावर टाळ्या. मग प्रश्न विचारायला ही उठली. प्रश्न नव्हताच. म्हणाली, कोट माझ्या मांडीवर होता, सुई ओवलेली होती. पाचवा महिना होता. रक्त जायला लागलं. ड्रायव्हरने हॉस्पिटलात नेलं, कोट तसाच सेटवर गेला.
मी माइकवर म्हणालो, रोचक माहिती.

११ मार्च
ही भावाकडे गेली. चार दिवसांत येईल. आमचं बाळ गेलं त्याच दिवशी तो सीन शूट झाला, हे मला कसं कळणार? मला वेळेवर कुणी कळवलंच नव्हतं. खात्रीसाठी त्या वर्षीची डायरी काढली. त्या तारखेला लिहिलंय:
'दुपारभर वाचनालयात. कादंबरी तिसऱ्यांदा. बारीक तपशील आत्ता कुठे सापडायला लागलेत. हिचे सारखे फोन. नवव्यानंतर मोबाइल बंद करून ठेवला.'
अक्षर माझंच आहे.