पायथ्याचा डावा खूर

लोधीपुरा, बुऱ्हाणपूर
११ एप्रिल

प्रिय हिमू,

पाकीट बघून आधी हसली असशील. मावशीला व्हिडिओ कॉल येतो, फोटो पाठवता येतात, तरी ही बाई इंदूरला ऑफिसच्या पत्त्यावर पत्र टाकते. हस, पण माझं एक ऐक. हे वाचून संपेपर्यंत कुणाला फोन करू नकोस, मलाही नाही. मागच्या महिन्यात तूच मला कौतुकानं सांगितलंस की तुषारनं तुझा फोन त्याच्या फोनला जोडून घेतलाय, तू कुठे आहेस, कुणाशी बोलतेस ते त्याला बसल्या जागी दिसतं, केवढी काळजी. मी पण म्हटलं, नशीब काढलंस बाई. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. समोर बसून सांगावं म्हणून दोनदा निघाले आणि दोनदा बसस्टँडवरून परत आले, म्हणून हा कागद. तुझ्या लग्नाला एकोणीस दिवस राहिलेत, आणि मला जे सांगायचंय ते त्या घराबद्दल आहे.

माझं वेड तुला माहीत आहे. तुझे काका मिलमधून रिटायर झाले, आम्ही नेपानगरचं क्वार्टर सोडून इथे आलो, तेव्हा आजूबाजूची चार घरंही आवराआवर करून आपापल्या गावाला, कुणी जळगावला, कुणी अकोल्याला निघाली होती. जाताना लोक खुर्च्या, स्टुलं, कपाटं अक्षरशः टाकून देत होते. मी एक आरामखुर्ची उचलून आणली, खरवडली, आणि आतून असा साग निघाला की तेव्हापासून माझं डोकं फिरलं ते फिरलंच. दुपारची जेवणं आटोपली, काका आडवे झाले, की दोन ते चार माझे. पाहुणा आला तरी ओसरीवर पॉलिश पेपर घासता घासता बोलायचं. काका म्हणतात, घरात बायको कमी आणि सुतार जास्त झालाय. म्हणू देत. दिवसभर ज्याच्या त्याच्या वेळेनं चालायचं, त्यातले दोन तास काढून आपल्या हातानं एखादी गोष्ट नीट करावी, एवढी मिजास तरी बाईनं करावी. तुझी आई असती तर रोज येऊन बसली असती, आणि कामाला हात न लावता नुसत्या चुका काढल्या असत्या.

हे स्थळ मी आणलं. कुणी विसरलं तरी मी विसरणार नाही. फोपनारचं केळीवाल्यांचं घर, तुषार एकुलता एक मुलगा, पहिलं लग्न मोडलेलं, पण कागद स्वच्छ, मी स्वतः वाचले. ती पहिली, तृप्ती, चांदनी गावची. वर्षभरात माहेरी गेली ती आलीच नाही, डोक्यानं जरा अशीतशीच होती म्हणे. मी त्या ‘म्हणे’वर भागवलं. चांदनी इथून काय लांब आहे ग, गाडीत बसलं की उतरायची तयारी करायची, तरी गेले नाही. तू एकतिसाव्या वर्षी दाखवून घ्यायला कंटाळली होतीस, आणि मी ताईला शब्द दिला होता. आणि खरं सांगू, मी भाळले कशावर? त्याची आई, यमुनाबाई, म्हणाल्या, आम्हाला मुलीकडून काडी नको. कपाट नको, गादी नको, पलंग तर मुळीच नको. पलंग आमचा आहे, अस्सल सागवानी, माझ्या लग्नातला. तुम्हाला हौस आहे तर तुमच्या हातानं पॉलिश करून द्या, पोरीला तेवढीच मावशीची आठवण. मी तिथेच विरघळले. येताना मावा जलेबी घेऊन आले आणि सगळ्या गल्लीला सांगत सुटले की असं घर दिवा घेऊन शोधलं तरी मिळायचं नाही.

पलंग होळीनंतर आला. वरून चॉकलेटी ऑइलपेंट, हॉटेलातल्या बाकड्याला असतो तसला. एवढा चांगला साग आणि त्यावर असला रंग, मला तर रागच आला. उशाकडची पाटी रंगातून सोडवायला चार दुपारी गेल्या. मग खूर घेतले, म्हणजे पलंगाचे पाय, कातीव, चांगले जाडजूड. तीन खूर सरळ निघाले, वर रंग, खाली जुनं पॉलिश, त्याखाली लाकूड. पायथ्याच्या डाव्या खुरावर रंग खरवडायची पत्री चालवली तर ती खसकन आत गेली. जमिनीपासून वीतभर वर, जिथे चरकावर कातताना खूर बारीक केलेला असतो तिथे, रंगाखाली लांबी भरलेली होती. भेगा बुजवायला रंगारी खडूचा आणि तेलाचा लगदा भरतात ना, ती. ती टोकरून काढली. भेग नव्हती. खुराला वेढा घालून खाच पडली होती, माझ्या करंगळीचं पेर बसेल एवढी खोल.

आधी वाटलं, शेतीवाल्यांचं घर, बकरीचं पिल्लू बांधत असतील, नाहीतर कुत्रं. पण एवढी वर्षं लाकूड घासतेय, मला न कळायला काय झालं. दोरानं लाकूड झिजतं तेव्हा गुळगुळीत होतं. इथे दाते पडले होते, साखळीच्या कड्यांचे. आणि जनावर जमिनीवर असतं, ते आडवं ओढतं. ही खाच वरच्या अंगानं खाल्लेली होती, वरच्या काठाचं लाकूड गादीच्या दिशेनं घासत घासत उतरलेलं. म्हणजे ओढणारं जे कोण होतं ते खाली नव्हतं, पलंगावर होतं. मी पत्री ठेवली, हात धुऊन आले, पाणी प्याले. परत येऊन बसले तरी ते तसंच होतं.

त्याहून वाईट म्हणजे लांबी एकदाच भरलेली नव्हती. वरची पांढरी, ठिसूळ, पाच-सहा वर्षांची. तिच्या खाली दुसरी, पिवळी पडून दगड झालेली, फार जुन्या कामात निघते तशी. तिच्यात हिरव्या बांगडीची काच रुतली होती, नखाएवढी. दोनदा झिजलेलं आणि दोनदा बुजवलेलं. तृप्तीच्या डोक्याबद्दल ऐकून होते, म्हणून वरच्या लांबीचा काहीतरी अर्थ मी लावून घेतला. खालच्या लांबीचा लावायला मन धजेना.

मी यमुनाबाईंना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हटलं, एका खुराला खड्डा निघालाय. त्या शेतावर घडांची गाडी भरून घेत होत्या, मागे मजुरांचा आवाज येत होता. आवाज जराही न बदलता म्हणाल्या, हां, तो पायथ्याचा डावा, तो नीट भरा, मागच्या वेळी मिस्त्रीनं घाई केली तर लांबी सुटायला लागली होती. आणि खूर मजबूत आहे ना, तेवढं बघून घ्या. एवढं बोलून त्या मजुरांवर ओरडायला लागल्या. मी काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पत्रिका वाटून झाल्या, जुन्या सामानाला सतरा निशाण्या असतात, दुसऱ्याच्या घरातलं आपण कशाला उकरायचं. मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी ते ऐकलं.

गेल्या रविवारी टेम्पोतून पलंग फोपनारला पोचवला. माडीवर तुमची खोली रंगवून तयार आहे. खिडकीला नवी लोखंडी जाळी, दाराला बाहेरून पितळेची कडी, आतून काहीच नाही. मी विचारलं तर तुषार हसून म्हणाला, मावशी, आतून लावून घेतलं की फार परेशानी होते, मागचा अनुभव आहे. मग पलंग कसा ठेवायचा ते त्यानंच मजुरांना सांगितलं. तो खूर भिंतीकडच्या कोपऱ्यात, दारातून दिसणार नाही असा. कुणी त्याला विचारलं नव्हतं. तेवढ्यात यमुनाबाई वर आल्या, पायथ्याशी टेकल्या, आणि खाली न बघता त्यांचा हात सरळ त्या जागेवर गेला. या खेपेला मस्त बसलंय, म्हणाल्या. मग लोणच्याची कृती सांगावी तशा सांगत बसल्या. त्यांना रुळायला दीड वर्ष लागलं. सासूबाई कडक होत्या, पण त्यांच्यामुळेच घर टिकलं. तृप्तीला काही ते जमलं नाही, तिचा बाप येऊन घेऊन गेला. तुमची हिमानी पढी-लिखी, समजदार, तिला दोन-चार महिन्यांतच कळेल. बोलताना घोट्यावरची साडी सारखी करत होत्या. त्या डावा पाय जरा ओढत टाकतात, ते मी पहिल्याच भेटीत पाहिलं होतं आणि वात असेल म्हणून सोडून दिलं होतं. हिमू, त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. आग्रह करकरून जेवायला वाढलं. आणि मी वाढलेलं सगळं खाल्लं.

परवा मी चांदनीला गेले. आठ महिन्यांपूर्वी जायचं ते परवा गेले. तृप्ती डोक्यानं तुझ्यामाझ्याहून बरी आहे. घरी ब्लाउज शिवते, मोजून बोलते, तिनंच चहा करून दिला. त्या घरात पलंग नाही, साधी खाटही नाही. सहा वर्षं झाली, ती खाली चटईवर झोपते आणि दार उघडं ठेवून झोपते, असं तिची आई सांगत होती. पोलिसात का गेला नाहीत विचारलं तर म्हणाली, आमची पोर आम्हाला परत मिळाली, पुढचं काही नको वाटलं. मी कोण ते सांगितल्यावर तृप्तीनं एवढंच विचारलं की तारीख कधीची आहे. मी सांगितली. तिनं मशीनवरचं कापड तसंच ठेवलं, आत गेली, आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

आता ज्यासाठी एवढी पानं घातली ते लिहिते. खाच बघितल्यावर, यमुनाबाईंचं फोनवरचं ऐकल्यावर, मनातून सगळं कळून चुकल्यावर मी दुपारी ओसरीवर बसले आणि ती भरली. कुणी माझा हात धरला नव्हता. त्याच पलंगाचा भुसा गोंदात कालवला, एकेक थर देऊन वाळवला, लाकडाच्या रेषा जुळवल्या, वरून चपडीच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशचे सात हात दिले. पत्रिका वाटल्या होत्या, माझं नाव जाणार होतं, आणि लिहायला लाज वाटते, पण काम अर्धवट सोडवेना. तुझ्यासाठी तो खूर मी माझ्या हातानं मजबूत करून दिला. उद्या मी फोपनारला जाऊन हे लग्न मोडून येणार आहे, साखरपुड्याची साडी परत करणार आहे, काका सोबत येवोत न येवोत. तू मात्र इकडे येऊ नकोस. मला भेटायला नाही, तुषारनं गोड बोलून बोलावलं तरी नाही. तुला वाटेल मावशीला वहम झालाय, एकदा जाऊन तो पलंग आपल्या डोळ्यांनी बघू. बघितलास तरी काही दिसणार नाही. बोट फिरवलंस तरी लागणार नाही. आधीची दोन्ही वेळची लांबी निघाली, माझी निघायची नाही, इतकी चांगली भरली आहे मी. म्हणून लिहून कळवतेय.

तुझीच,
छाया मावशी